एक घर, एक बाई

पडवीत त्या सकाळी नवारीचा पलंग होता एक, त्यावर चार बोटं जाडीची गादी एक. गोड्या तेलाचे पाच लिटरचे कॅन दोन, आता पाण्यानं भरलेले. मेढीला बांधलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे तीन. चाकाची खुर्ची एक, तिचं पुढचं उजवं चाक तारेनं आवळलेलं. पत्र्याच्या डब्यात धुऊन वाळवलेल्या लघवीच्या नळ्या सात. फडक्यात गुंडाळलेल्या विटा दोन. आणि त्या दोन विटांच्या मध्ये, पाय समोर लांब करून जमिनीवर बसलेली संगिता.

मंजुळाबाई रोज उठल्यावर आधी हे सगळं मोजायची. तीन वर्षांपूर्वी नांदेडच्या दवाखान्यात सुनेच्या खाटेखाली सव्वा महिना काढला, तेव्हा कुणी तांब्या नेला, कुणी चादर नेली. तेव्हापासून ही सवय लागली होती. मोजून झालं की मग चूल.

तिची दुसरी भाकरी तव्यावर होती, तेव्हा खुर्शीदबी दारात आली. चप्पल न काढता उंबऱ्यावर टेकली. तिला घाई असली की ती अशीच टेकायची.

"मंजुळा, सोमवारपासून सावड लागून राहिली. पैलं वावर माझं. तुमच्या घरातून कोण?"

हळद काढायला गावात सात घरांची सावड होती. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. गडीमाणसं कुदळीनं हळद उकरायची, बायांनी कंद झटकून गड्ड्यापासून हळकुंडं मोडून प्लास्टिकच्या कॅरेटात भरायची. घरामागं एक बाई. पाळ्या संपेपर्यंत एकीनंही नागा करायचा नाही. जिच्या घरचा नागा पडला, तिच्या वावरात कुणी पाऊल टाकायचं नाही. हा नेम खुर्शीदबीच्या सासूच्या काळचा होता आणि तो पाळायचं काम आता खुर्शीदबीकडं आलं होतं. माघ महिन्यात सगळ्या शिवाराची हळद एकदमच निघते. दुसरं माणूस शोधून मिळत नाही. मंजुळाबाईचा मुलगा शिवशंकर एकटा दीड एकर उकरील, पण मोडणार कोण?

"मीच येईन की," मंजुळाबाई म्हणाली.

"तू? गेल्या साली तिसऱ्या दिवशी तुझे गुडघे वांग्यावानी फुगले. शिवानं तुला पाठीवर आणली. इसरली का?"

मंजुळाबाई भाकरी उलटायला लागली. गुडघ्याचं तिला विसरण्यासारखं काही नव्हतं.

"मी येते, खाला," संगिता पडवीतून म्हणाली.

खुर्शीदबीनं मान वळवली. हसली नाही. तेवढी ती सरळ होती.

"पोरी, मनाला लावून घेऊ नको. पण सावडीत अर्धी बाई चालत न्हाई."

"हळद हातानं मोडतेत का पायानं?"

"वावर काय तुझ्या पडवीत हाय? सरीनं सरकावं लागतं."

"सरकंन."

"कशी?"

संगितानं दोन्ही तळहात विटांवर टेकवले. कोपरं ताठ झाली, खांदे खाली दाबले गेले आणि तिचं बूड जमिनीपासून वीतभर वर गेलं. पाय निर्जीव पायजम्यासारखे मागं ओढले गेले. ती तशीच हवेत राहिली. मानेची शीर फुगली. खुर्शीदबी नकळत बोटांची पेरं मोजायला लागली. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली. मग संगिता खाली आली, पण जिथून उठली तिथं नाही, हातभर डावीकडं.

"आशी," ती म्हणाली.

खुर्शीदबीनं त्या हातभर अंतराकडं बघितलं. मग चुलीकडं बघून म्हणाली, "मंजुळा, भाकर करपून राहिली." उठताना तिनं निवाडा दिला. "सोमवारी बघते. सात कॅरेट, बाकीच्या बायांएवढीच, एक कमी न्हाई. आन् मंगळवारी पुना हजर. एक दिवस येऊन आठ दिवस पालथी पडलीस, तर ती काय सावड न्हवं. मग तुमची हळद तुमी बघा."

ती गेल्यावर मंजुळाबाईनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

"कातडी फुटली म्हंजी?" ती म्हणाली.

"फुटू द्यायची न्हाई, आत्याबाई."

हे दोघींनाच कळत होतं. दुसरं कुणी हे ऐकलं असतं तर त्याला ते उगीच वाटलं असतं.

तीन वर्षांमागं सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवरून संगिता पडली. वर बसली होती, नाल्याच्या उतारावर ट्रॉली हिंदकळली, पाठीवर आपटली ती नेमकी दगडाच्या कडेवर. कमरेच्या वरचा मणका गेला. त्याखालचं सगळं तिचं असून तिचं राहिलं नाही. पोटरीवर निखारा ठेवला तरी तिला कळलं नसतं. मंजुळाबाईनं तिला लेकरासारखी सांभाळली. दुखणाईत माणसानं अंग हलवू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून वेणीसुद्धा तिनंच घातली, घाससुद्धा तिनंच भरवला. वर्षभरात संगिताचे दंड काडीसारखे झाले. केस विंचरायला हात वर केला तरी धाप लागायची.

आणि गेल्या उन्हाळ्यात मंजुळाबाईनं तिच्यासाठी चुंबळ केली. डोक्यावर हंडा ठेवायला बाया कापडाची करतात तशीच, पण परातीएवढी. स्वतःच्या लग्नातलं मऊ लुगडं त्यासाठी फाडलं. हाडं टोचू नयेत, मध्ये पोकळ राहावं, सुनेला सुखानं बसता यावं. संगिता दिवसभर त्या चुंबळीवर बसायची. दुखत तर काहीच नव्हतं.

सहाव्या आठवड्यात गादीवर ओल दिसली. पालथी करून बघितलं तर माकडहाडाच्या बाजूला खोक, आत लिंबू मावेल एवढं.

हिंगोलीला व्यायाम शिकवणारी प्रतिक्षा मॅडम होती, वयानं संगिताहून लहान. तिनं चुंबळ हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि खाली ठेवली. "आजी, याच्या कडेनं रक्त अडतं. मधल्या मांसाला रक्तच पोचत नाही. ते उपाशी मरतं." ती रागावली नाही. रागावली असती तर मंजुळाबाईला बरं वाटलं असतं. घरी येऊन तिनं त्या चुंबळीचं पोतेरं केलं आणि त्याच पोतेऱ्यानं पाऊस संपेपर्यंत रोज पडवी पुसली.

साडेचार महिने संगिता पालथी होती. पोटावर जेवली, पोटावर झोपली. पोटावर पडून कोपरांवर टेकून शेंगा फोडल्या, डाळ निवडली, आपल्या शाळकरी मुलीच्या वह्यांना कव्हरं घातली. मॅडमनं सांगितलं होतं, "पाय गेलेत, खांदे गेलेले नाहीत. आता खांदे हेच तुमचे पाय. आणि नुसतं पडून राहिलात तर छातीतलं यंत्रसुद्धा आळशी होतं." जखम भरल्यावर विटा आल्या, कॅन आले, ट्यूब आल्या. दर पंधरा मिनिटांनी अंग उचलायचं, मग पुढं वाकून छाती गुडघ्यांवर टेकवायची आणि दोन मिनिटं तसंच राहायचं. तेवढ्यात खालच्या कातडीत रक्त परत येतं. मंजुळाबाईकडं त्याला माप होतं, एक भाकरी दोन्ही बाजूंनी भाजून निघेपर्यंत.

भोंडल्याच्या दिवसांत संगिता चार वेळा अंग उचलायची आणि रडायची. संक्रांतीला एका दमात बावीस झाले. खुर्ची स्वतः ढकलत शाळेच्या झेंड्याच्या खांबापर्यंत जाऊन यायची, मध्ये न थांबता. पारावरची माणसं म्हणायची, "मंजुळाबाईनं सून तालमीत घातली. आवंदा बाळापूरच्या फडात उतरवती वाटतं." मंजुळाबाई वरून शिव्या द्यायची आणि आतून मोजत राहायची.

सोमवारी शिवशंकरनं खुर्ची गाडीवाटेपर्यंत ढकलत नेली. पुढं उकरलेलं रान, तिथं चाकाचं काम नव्हतं. त्यानं पाठ दिली, संगितानं गळ्यात हात घातले. तिचे पाय त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते, एका पायातली चप्पल निसटून मागं राहिली. सरीतल्या सहा बाया एकदम कामात गढल्या. कुणी वर बघेना.

"काहून गं, बघा की," संगिता पाठीवरूनच म्हणाली. "पोतं आलंय. कुठं उतरवू सांगा."

खुर्शीदबीची सून उझ्मा फसकन् हसली आणि सासूकडं बघून तोंड दाबलं. मग बाकीच्याही हसल्या. पोतं उतरलं.

मॅडमनं आणून दिलेली फोमची जाड गादी संगितानं टॉवेलानं कमरेला बांधून घेतली होती, म्हणजे अंग उचललं की गादीही बरोबर उचलायची. ही युक्ती तिचीच. मंजुळाबाईला सावडीत हात लावायची परवानगी नव्हती. "तू नुसती बसायची," खुर्शीदबीनं बजावलं होतं. "तुझं एक हळकुंड तिच्या कॅरेटात पडलं, तर ते कॅरेट मोजायचं न्हाई." म्हणून मंजुळाबाई सुनेच्या पुढची जमीन तेवढी हातानं चाचपत होती. ढेकळं वेचायची, खडे वेचायची, वाट मऊ करायची. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

गड्डा हातात घ्यायचा, माती झटकायची, अंगठा हळकुंडाच्या मुळाशी रोवायचा आणि मनगट फिरवायचं. कट्. हळकुंड कॅरेटात, गड्डा बाजूच्या ढिगात. सात बायांचं कट् कट् सुरू झालं; खुर्शीदबीच्या घरची बाई म्हणजे उझ्मा, खुर्शीदबी स्वतः कॅरेट मोजत, गड्डे गोळा करत फिरत होती. घटकाभरातच सगळ्यांची बोटं पिवळी झाली, नखांच्या कडा चिरल्या.

पंधरा मिनिटांनी संगिताचा मोबाईल केकाटला. तिनं हातातलं टाकलं, अंग उचललं, हातभर पुढं ठेवलं, गुडघ्यांवर वाकली. दोन मिनिटं. पुन्हा कट् कट्. पुन्हा पंधरा मिनिटांनी केकाट.

"ये बाई, काय लावलंय हे," खुर्शीदबी म्हणाली. "आझान पाच टाइम होती, तुझी घंट्यात चार टाइम."

"तुमी नका थांबू, खाला. मलाच थांबायचं हाय."

"थांबून कॅरेट भरत न्हाईत, एवढंच सांगते."

खरंच भरत नव्हती. अकराला संगिताचं दुसरं कॅरेट निम्मं होतं, उझ्माचं तिसरं भरत आलं होतं. मध्येच एका बाईनं रिकामं कॅरेट आदळलं. त्या आवाजासरशी संगिताचे दोन्ही पाय ताठ होऊन थडथड उडायला लागले.

"अगं पाय हालले! पाय हालले तिचे!" उझ्मा ओरडली. दोघी-तिघी उठल्या.

"बसा खाली," संगिता मांड्या दाबून धरत म्हणाली. "त्यांचं ते नाचतेत. मला इचारून न्हाई." पाय निवेपर्यंत मिनिटभर गेलं. तिनं ते मिनिटही मनात धरलं असावं, कारण पुढचे गड्डे ती दातओठ खाऊन मोडत होती.

बाराला नळीची वेळ झाली. उझ्मानं आणि आणखी एकीनं लुगड्याचा आडोसा धरला. मंजुळाबाईनं डबा उघडला. लघवी थोडी आणि चहाच्या रंगाची आली.

"पाणी पिली न्हाईस तू."

"पिलं तर पुना आडोसा, पुना येळ जाती."

"आन् ताप आला म्हंजी मंगळवार कोण करील, तुझा बाप?" मंजुळाबाईनं तांब्या तिच्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत काढला नाही. आडोसा धरलेल्या दोघी हसून हसून लुगडं हलवायला लागल्या. "सरळ धरा गं," संगिता घोटांमधून म्हणाली. "का गावालाच बोलावता?"

जेवणानंतर ऊन उतरलं तसा तिचा हात बसला. बाकीच्या बाया उकिडव्या बसून सरकत होत्या आणि दर थोड्या वेळानं कंबर धरत होत्या. संगिताची कंबर तिला दुखत नव्हती. तिचे खांदे चार महिने विटांवर मुरलेले होते. तीनच्या सुमाराला पाचवं कॅरेट भरलं. अजून ती उझ्माच्या मागं होती, पण एका बाईच्या बरोबरीला आली होती. आणि आता मोबाईल वाजला की सगळ्याच बाया हातातलं टाकून पाठी सरळ करायला लागल्या होत्या. एकदा बराच वेळ झाला तेव्हा खुर्शीदबीच म्हणाली, "अगं, वाजलं न्हाई का आजून ते तुझं?"

"दोन मिंटं हायती, खाला."

"बंद पडलं का काय वाटलं मला," खुर्शीदबी म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं आधीच थांबली.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी मोबाईल वाजला, तेव्हा सहा कॅरेटं भरून कडेला गेली होती आणि सातवं निम्म्यावर आलं होतं. उझ्मा हौसेनं संगिताच्या पुढ्यात कंद टाकत होती. संगिता पुढं वाकली. मंजुळाबाई मागं बसली होती. गादीच्या कडेला, उजव्या मांडीखाली तिला पिवळं टोक दिसलं.

"उठ," ती म्हणाली. "वाकू नको. हातावर उठ."

आवाज ऐकून संगितानं काही विचारलं नाही. उठली. मंजुळाबाईनं मांडीखाली हात घालून ते ओढून काढलं. एक हळकुंड, बोटभर लांब, एका बाजूनं चेपलेलं आणि अंगाच्या उबेनं गरम.

"कवापून हाय हे?"

"मला काय ठाव?" संगिता म्हणाली. "मला कळतं का?"

वावरातलं कट् कट् थांबलं. उझ्माचा चेहरा उतरला. "माझ्याच हातचं आसंल, अम्मी. मीच टाकून राहिले व्हते."

आडोसा धरला, संगिताला डाव्या कुशीवर केलं. सलवार खाली करून मंजुळाबाईनं बघितलं. मांडीच्या मागं, बूड संपतं तिथं हळकुंडाच्या आकाराचा वळ, तेवढाच लांब. सावळ्या कातडीवर लाली डोळ्याला उशिरा दिसते, हाताला आधी कळते, हे मॅडमनं तिला शिकवलं होतं. तिनं पालथा हात वळावर ठेवला. ऊब होती. तोच हात डाव्या मांडीवर त्याच जागी ठेवला. तिथं नव्हती. दाब काढल्यापासून अर्ध्या तासात ऊब गेली तर कातडी शाबूत. नाही गेली तर आत मांस दुखावलंय, मग बसणं बंद, पुन्हा पालथं. किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही.

"झालं," मंजुळाबाई म्हणाली. "शिवाला हाक मारा. हिला घरी न्यायची."

"सातवं निम्मं हाय, आत्याबाई."

"खड्ड्यात गेलं सातवं! मागचे साडेचार म्हैने माझ्यानं झाले. मी केले ते. आता आनिक न्हाई." बायांपुढं ती हे पहिल्यांदाच बोलली होती.

संगिता कोपरावर टेकून उठली. मग खुर्शीदबीकडं वळली.

"खाला, सावडीत बसूनच मोडावं आसं काही हाय का?"

"म्हंजी?"

"नेमात हाय का तसं? बसून?"

खुर्शीदबीनं विचार केला. खरंच केला, सासूच्या काळापर्यंत मागं जाऊन आली. "न्हाई. पर मी आजवर कुणाला झोपून मोडताना बघितलं न्हाई."

"मग बघा."

तिनं कमरेचा टॉवेल सोडला. कॅरेटांखाली अंथरलेल्या ताडपत्रीवर हात टेकून अंग फिरवलं, एकेक पाय हातानं उचलून मागं टाकला आणि तिच्यावरच पालथी झाली. कोपरं रोवली, छाती वर घेतली, कॅरेट नाकासमोर ओढलं. मंजुळाबाईनं मांड्यांवर लुगडं टाकलं. उझ्मानं कंद टाकायला हात उचलला आणि थांबली. वाकून एकेक कंद संगिताच्या हाताशी ठेवायला लागली.

कट्. कट्.

कोपरांवर एवढा वेळ कुणी राहू शकतं हे त्या वावरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मंजुळाबाईला ठाऊक होतं. तिनं हे साडेचार महिने बघितलं होतं आणि तेव्हा तिला ते फक्त दुखणं वाटलं होतं. आता ती पाठीमागून सुनेचे खांदे बघत होती. ओल्या कुडत्याखाली ते वर-खाली होत होते, नांगराला जुंपलेल्या बैलाच्या वशिंडासारखे, न थांबता. घाम नाकाच्या शेंड्यावरून गड्ड्यावर पडत होता. माती तोंडात गेली की संगिता थुंकायची आणि पुढचा कंद घ्यायची.

मंजुळाबाईनं लुगड्याखाली पालथा हात घातला. "किती वाजले?"

खुर्शीदबीनं संगिताचा मोबाईल उचलून डोळ्यांपासून लांब धरला. "चार पस्तीस."

ऊब होती. डाव्या मांडीवर नव्हती.

"आता?"

"चार बेचाळीस."

होती. कमी होती, पण होती. मंजुळाबाईनं हात काढून वाऱ्यावर धरला, गार केला आणि पुन्हा ठेवला. होतीच.

"चार आठ्ठेचाळीस," खुर्शीदबी न विचारताच म्हणाली. तेवढ्यात संगितानं कॅरेट पुढं ढकललं. खुर्शीदबीनं खाली बसून त्यावरून तळहात फिरवला, कडेला एक पोकळी लागली तिथं बोट ठेवलं. संगितानं तीन हळकुंडं मोडली आणि त्या पोकळीत भरली. खुर्शीदबीनं पुन्हा हात फिरवला आणि कॅरेट स्वतः उचलून बाकीच्या सहांशेजारी नेऊन ठेवलं. परत आली ती मंजुळाबाईशेजारी मातीत बसली.

"कातडीचं बोल," ती हळूच म्हणाली.

संगितानं गाल ताडपत्रीवर टेकवला होता. डोळे मिटले होते, पाठ भात्यासारखी हलत होती. मंजुळाबाईनं हात पदराला पुसला. आधी डावी मांडी. मग उजवी. मग पुन्हा डावी, पुन्हा उजवी, आणि या वेळी हात बराच वेळ तिथंच ठेवला.

"टाइम बघ," ती म्हणाली.

"चार एक्कावन."

सव्वीस मिनिटं झाली होती. दोन्ही मांड्या सारख्याच गार होत्या.